घंटेची दोरी

मुकुल हा असा गृहस्थ, की लिफ्टमध्ये शिरताना किती माणसांना परवानगी आहे ती पाटी वाचायचा आणि एकटाच असला तरी स्वतःला एकदा मोजून घ्यायचा. अशा माणसाने सिंगापुरात बुकित तिमाहच्या एका गल्लीतलं जुनं चर्च राहायला घ्यावं, याला नवलच म्हणायचं. पण बायको वल्लरी त्या चर्चच्या लाकडी छताच्या प्रेमात पडली होती, आणि तिच्यापुढे मुकुलची भीती आजवर कधी टिकली नव्हती.

एकेकाळी तिथे कंपाँग होतं, म्हणजे खेडं. पत्र्याची घरं, कोंबड्या, रंबुटानची झाडं आणि मधोमध हे एवढंसं चर्च. गाव उठलं, माणसं उंच इमारतींत गेली, येशूबाबालाही दुसरीकडे मोठी जागा मिळाली. हे मात्र जपण्याजोगी वास्तू म्हणून राहिलं. दुरुस्ती सात महिने चालली. गवंड्याने भिंतीवर हातोडी मारली की आतून साठ वर्षांपूर्वीचं 'आमेन' बाहेर पडायचं. मुकुलने ते दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा 'सॉरी' म्हणाला. वेदीच्या जागी स्वयंपाकाचा ओटा आला, गायकांच्या माडीवर झोपायची खोली, आणि पाद्रीबाबांच्या कपड्यांच्या खोलीत देवघर.

मुकुलची झोप उडवली ती परवानगीच्या पत्रातल्या सातव्या कलमाने. ही जागा आता फक्त राहण्यासाठी, प्रार्थनास्थळ म्हणून तिचा वापर आढळला तर राहण्याची परवानगी रद्द. शेवटची तपासणी व्हायची होती. जुना फ्लॅट सोडून झाला होता. म्हणजे परवानगी गेली तर मुकुल, वल्लरी, मुकुलची आई आणि त्रेसष्ट खोकी, सगळे फुटपाथवर.

पुण्याहून आलेल्या आईला कलमाशी काही देणंघेणं नव्हतं. वास्तुशांत झाल्याशिवाय या घरात घास घेणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि अकरा दिवस ती बाहेरच्या पायरीवर बसून जेवली. तिला त्या घरातलं एकच ठिकाण मनापासून आवडलं होतं, ते म्हणजे घंटेचा मनोरा. घंटा कधीच गेली होती, दोरी तेवढी उरली होती. मनोऱ्याच्या चारही बाजू उघड्या, आणि वारा असा, की नऊवारी पातळ वाळत घालावं तर शेवटचा चिमटा लावेपर्यंत पहिला काठ वाळलेला. समोरून दिसेल असं काहीही तिथे घालू नकोस, म्हणून मुकुलने तिला हात जोडले. ती 'बरं' म्हणाली. आईच्या 'बरं'चा अर्थ मुकुलला चाळीस वर्षं माहीत होता, पण तेव्हा तो पत्र वाचत होता.

मुहूर्त निघाला शुक्रवारी दहा चाळीसचा. आणि गुरुवारी दुपारी तपासणीचा मेसेज आला: शुक्रवारी सकाळी, कधीही.

मुकुलने सौमित्रगुरुजींना फोन केला. गुरुजी आठवडाभर तांजोंग पगार नावाच्या भागातल्या बँकेत जोखीम मोजायचे आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगायचे. मुहूर्त पुढे ढकलता येईल का, असं विचारल्यावर त्यांनी पुढचा चार महिन्यांनी असल्याचं कळवलं आणि आपण अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे याचीही आठवण दिली. तपासणीची तारीख बदलून मागावी, तर संशय यायचा. शेवटी मुकुलने आपल्या परीने बंदोबस्त केला. पूजा मागच्या खोलीत. मंत्र कुजबुजत. होमाच्या समिधा काडेपेटीतल्या काडीएवढ्या. पाहुणे फक्त अकरा घरचे, मागच्या दाराने, दोघादोघांनी.

मराठी माणसं मागच्या दाराने वास्तुशांतीला येतील तर शपथ. अकरा घरांनी आपापले पाहुणे आणले आणि सगळे दर्शनी कमानीतून आत शिरले. वल्लरीने हौसेने झेंडूचं तोरण लावलं होतं. त्याखाली चपला साचू लागल्या.

मुकुलला ते दिसत होतं, पण उठता येईना. तो कद नेसून उघड्या अंगाने पाटावर बसला होता आणि त्याच्या उपरण्याची गाठ वल्लरीच्या पदराला मारलेली. खिडकीतून मान लांब करून तो चपला मोजत होता. वीस जोड. एकेचाळीस. गुरुजींनी आचमन करायला सांगितलं, तर तो 'सत्तावन्न' म्हणाला.

"गप्प बस," वल्लरी पुटपुटली. "तपासणीवाली येईल तेव्हा येईल."

"आपण राहायचं कुठे, वल्लरी?"

"आधी पळीने पाणी सोड."

इतक्यात शिऱ्याचा वास गल्लीत गेला. सिंगापूरच्या माणसाला रांग दिसली की आधी तो तिच्यात उभा राहतो, कशाची आहे ते मग विचारतो. इथे तर चपलांचा ढीग, फुलांची कमान आणि तुपाचा वास. नवीन देऊळ झालं म्हणून बस स्टॉपवरची माणसं जोडे काढून उभी राहिली. शेजारच्या मिसेस कोह रिकामा डबा घेऊन आल्या. रांग स्टॉपपर्यंत गेली, स्टॉप ओलांडून वळली, आणि मागून आलेली बसही दोन मिनिटं गुमान रांगेत उभी राहिली. दाराशी आई पातेलं घेऊन बसली होती. प्रत्येकाच्या हातावर शिरा, आणि प्रत्येकजण तिला नमस्कार करत होता.

रांगेत अठ्ठाविसावी एक तरुण बाई होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. तिने बूट काढून नीट बाजूला ठेवले होते.

 मुकुल उठला आणि धावला. गाठ पक्की होती, म्हणून वल्लरीही धावली, आणि मंत्र अर्धा राहिला म्हणून गुरुजीही.

मिस ओंग तिचं नाव. एव्हाना तिचा नंबर लागला होता. तिने हातातला शिरा संपवला, उघड्या मुकुलकडे पाहिलं, मग गाठीकडे, मग रांगेकडे.

"ही प्रार्थनेची जागा आहे का?" तिने विचारलं.

मुकुल पाठ केलेलं सातवं कलम पहिल्यापासून म्हणायला लागला. मिसेस कोह मदतीला धावल्या.

"व्हेरी होली, ला," त्या खास सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "आंटी ऑल्सो व्हेरी होली."

मिस ओंगने टॅबलेटवर काहीतरी लिहिलं. मग ती चार पावलं मागे गेली, दर्शनी भागाचा फोटो काढायला म्हणून तिने मान वर केली, आणि ती तशीच राहिली. मुकुलनेही वर पाहिलं.

मनोऱ्यात घंटेची दोरी आडवी ताणलेली होती. तिच्यावर आईचे दोन परकर, मुकुलचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, आणि मधोमध, जिथे घंटा असायची नेमकं तिथे, त्याचं पाठीला भोक पडलेलं बनियन. वाऱ्याने ते असं फडफडत होतं, की गल्लीभर त्याचा आवाज येत होता. आता उपासनाही सापडली आणि दर्शनी भागाची शोभाही गेली. मुकुलच्या डोळ्यांपुढे त्रेसष्ट खोकी फुटपाथवर ओळीने उभी राहिली.

"हे कोणाचं?" मिस ओंगने विचारलं.

"माझं," मुकुल म्हणाला. इतका खरा कबुलीजबाब त्या चर्चनेही कधी ऐकला नसेल.

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण बोट कुठे दाखवलंय ते दिसत होतं. पातेल्यामागूनच तिने तोंड सोडलं.

"तरी सांगत होते! तीन नवी बनियनं ट्रंकेत पडलीत आणि हा भोकाचं घालून हिंडतो. आता सरकारनंच बघितलं, बरं झालं."

रांगेतली मराठी माणसं हसली, वल्लरीसुद्धा. मिस ओंगला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला असावा. ती मान खाली घालून उभी राहिली, जणू तिच्याच आईने तिला धारेवर धरलं होतं. मग तिने वरच्या दोरीचा एक फोटो काढला, बूट घातले आणि निघून गेली.

पुढचे नऊ दिवस मुकुलने एकही खोकं उघडलं नाही. दहाव्या दिवशी पत्र आलं. त्याने ते दारात उभं राहून वाचलं, मग वल्लरीकडून वाचून घेतलं, मग पुन्हा स्वतः. वापर: निवासी. आढळलेला मेळावा: कौटुंबिक. आधार: छायाचित्र क्रमांक तीन.

छायाचित्र सोबत जोडलं होतं. भोक स्पष्ट दिसत होतं.

आईने त्या दिवशी ट्रंकेतली तिन्ही नवी बनियनं काढली आणि जुनं फडक्याला घेतलं. मुकुलने ते तिच्या हातातून ओढून घेतलं. परत कोणी तपासायला आलं तर? तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो मनोऱ्यात चढून ते बनियन दोरीवर घालतो. आणि तिथला वारा तसला, म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन ते पुन्हा भिजवतो.