मधलं मोकळं ठेवलेला शिक्का

मी शिक्का बोलतोय. हो, तोच. जो साहेबांच्या कपाटात असतो, कपाटाची किल्ली साहेबांकडे असते, आणि साहेब नेमके बाहेरगावी गेलेले असतात. तुमचं काम उद्यावर जातं ते माझ्यामुळे, असं तुम्ही समजता आणि मनातल्या मनात मला शिव्या घालता. पण मी कुठे असावं नि कुठे नसावं, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

माझा जन्म धुळ्याचा. कौतिक नावाचा कारागीर तिथे एका टपरीत शिक्के बनवतो. त्याने माझं गोल रबर कापलं, त्यावर अक्षरं उठवली आणि जुन्या शिसवी लाकडाची मूठ लावली. माझ्यावरची अक्षरं उलटी आहेत. तुम्हाला जे सरळ दिसतं ते मला उलटं दिसतं. त्यामुळे असेल, पण माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी आहे. गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी त्याचे हात बघतो.

मला बनवायला दोघं आले होते. एक धनसिंगभाऊ. प्लॉटच्या व्यवहारात मुरलेले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि रस्त्यात भेटेल त्याला नावाने हाक मारणारे. दुसरा राकेश, पुण्याला पाच-सहा वर्षं काढून परतलेला, बोटात गाडीची किल्ली फिरवणारा. कंपनीचं नाव होतं पांझरा-तापी व्हेंचर्स लिमिटेड. कौतिकने विचारलं, मध्ये काय टाकू? दाळमिलवाले तुरीची शेंग टाकतात, ट्रान्सपोर्टवाले चाक टाकतात. तुमची कंपनी काय करते?

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग राकेश म्हणाला, "सध्या काही करत नाही. पुढे करेल. मधलं मोकळंच राहू द्या."

कौतिकने खांदे उडवले आणि शंभर रुपये आगाऊ घेतले. माझ्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली.

पुढे ऑफिसात राहून मला सगळं कळलं. ही कंपनी माल बनवत नव्हती, विकत नव्हती, कोणाची सेवाही करत नव्हती. तिचं काम एकच होतं. लोकांकडून पैसे जमवायचे, बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि दोन वर्षांच्या आत एखादा चालता धंदा शोधून त्याच्याशी एक व्हायचं. आपल्याकडे घरात लग्नाचं असलं की स्थळं बघतात, तसंच. धंदा सापडला तर लोक त्या धंद्याचे भागीदार. नाही सापडला तर ज्याचे त्याला पैसे व्याजासकट परत. परदेशात म्हणे अशा कंपन्या पुष्कळ असतात. त्या खात्याला हात लावायची परवानगी कोणालाच नव्हती, एक वकील त्यावर विश्वस्त म्हणून नेमलेले होते. ऐकायला सगळं चोख होतं.

खोच होती ती दुसरीकडे. भाऊंनी आणि राकेशने खर्चासाठी पदरचे थोडे पैसे घातले होते आणि त्या बदल्यात कंपनीचा पाचवा हिस्सा जवळजवळ फुकटात स्वतःच्या नावावर घेतला होता. स्थळ जमलं तर तो हिस्सा सोन्याचा. नाही जमलं तर त्याला रद्दीचा भाव, वर खर्चही बुडालेला. म्हणजे लोकांना थांबायला हरकत नव्हती, पण या दोघांना थांबणं परवडणारं नव्हतं. हे छापलेल्या कागदात सतराव्या पानावर बारीक अक्षरांत होतं. सतराव्या पानापर्यंत कोणी पोहोचलेलं मी पाहिलं नाही.

ऑफिसात कामाला एकटी सविता. टायपिंग तिचं, रजिस्टर तिचं, आणि मला कागदावर टेकवण्याचं कामही तिचंच. तिचे वडील प्रेमराज नाना एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीचे आठ लाख हातात आले आणि त्यांनी ते सगळेच्या सगळे इथे आणून ठेवले. एक तर लेक त्याच ऑफिसात, आणि दुसरं म्हणजे धनसिंगभाऊ त्यांच्याच गावचे. नाना थोडे घुटमळले तेव्हा भाऊ हसून म्हणाले, "नाना, तुमना पैसा बँकमा शे, मना खिसामा नही."

ते खरंच होतं. सविताने नानांच्या शेअर सर्टिफिकेटवर मला जरा जास्तच जोर देऊन दाबलं, शाई वाळावी म्हणून दोनदा फुंकर घातली. नानांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला. त्यांच्यासकट एकशे शहाऐंशी माणसांच्या कागदावर मी उमटलो. माझा ठसा बघितला की लोकांच्या चेहऱ्यावर निर्धास्तपणा यायचा, आणि त्याची मला लाज वाटायची. माझ्या गोलाच्या मध्ये काहीच नाही, हे कोणाच्या लक्षातच येत नसे.

दीड वर्ष गेलं. एक स्थळ दोंडाईच्याचं आलं, ते यांना पसंत पडलं नाही. एक जळगावचं आलं, त्यांना हे पसंत पडले नाहीत. तोवर घरभाडं, गाडीचं डिझेल, ऑडिट आणि पाहुण्यांची जेवणं यांत खर्चाचे पैसे संपले. मग एके दिवशी यावलचे मगनशेठ ऑफिसात आले. केळीचे घड आणायचे, फण्या कापून धुवायच्या, पिकवायच्या आणि बाहेर पाठवायच्या, असं त्यांचं केंद्र. तीन वर्षांपासून जोरात चालू आहे म्हणाले. त्याच आठवड्यात सविताने एक करार टाइप केला आणि राकेशने स्वतः मला त्यावर दाबलं. मगनशेठने आमच्या कंपनीला खर्चासाठी पंधरा लाख उसने दिले होते. सौदा झाला तरच परत करायचे, नाही झाला तर बुडाले. ज्याला पारखून घ्यायचं, त्याच्याच पैशावर यांचा चहा उकळायला लागला. सविता तो कागद फाइलला लावताना बराच वेळ तसाच हातात धरून उभी होती. पण नोकरीची माणसं गिळून टाकतात तसं तिनेही गिळून टाकलं.

बाविसाव्या महिन्यात लोकांना केंद्र दाखवायला दोन गाड्या यावलला गेल्या. सह्यांचे कागद करायचे म्हणून मीही सविताच्या पर्समध्ये होतो. नाना आले होते आणि त्यांच्याबरोबर तानुबाईही, म्हणजे सविताची आई. तिचं माहेर यावलकडचं. लग्नाआधी ती केळीच्या बागांत घड वाहायला जायची. तिला सौद्याचं काही पडलेलं नव्हतं, येताना भावाला भेटता येईल म्हणून ती आली होती.

केंद्र मोठं झकास होतं. थंडगार खोल्या, क्रेटांच्या थप्प्या, चकचकीत फरशी. वीसेक मजूर पांढरे शर्ट घालून रांगेने फण्या धूत होते. मगनशेठ आकडे सांगत होते, राकेश माना डोलावत होता, लोक मोबाईलवर फोटो काढत होते. तानुबाई मात्र मजुरांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. तिने त्यांच्या बाह्या बघितल्या, कॉलर बघितल्या, मग खाली वाकून फरशीवरून बोट फिरवलं. एकाचा सुरा उचलून त्याचं पातं उन्हात धरलं आणि गुपचूप परत ठेवलं. परत येऊन ती सविताला हळूच म्हणाली, "तीन वरीसपासून काम चाली राहिनं म्हणतस, आन् एकबी मानूसना कपडाले केयना चीक नही."

केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की काळा पडतो आणि धुवून, घासून, ब्रशने खरवडूनसुद्धा जात नाही. त्या भागात मजुराचा कामाचा शर्ट बघूनच कोण किती वर्षं बागेत आहे ते सांगता येतं. राकेशच्या कानावर हे गेलं तेव्हा तो समजुतीच्या सुरात म्हणाला की, काकू, आता सगळं आधुनिक झालंय, युनिफॉर्म महिन्याला नवे देतात. तानुबाईने विचारलं, सुरेपण नवे आणि फरशीपण नवी का? त्याला तेवढ्यात फोन आला.

त्या संध्याकाळी पर्स नानांच्या घरी खुंटीला टांगलेली होती, म्हणून पुढचं मी ऐकलं. नियमाप्रमाणे, ज्याला सौद्यात राहायचं नाही त्याने ठरलेल्या शुक्रवारी पाचच्या आत पैसे परत मागायचा अर्ज देऊन पोच घ्यायची. ज्याने काहीच केलं नाही, त्याची संमती धरली जाणार होती. इथेच आपली माणसं अडकतात. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ओळखीच्या माणसापुढे ते उघडत नाही. नाना म्हणाले, "धनसिंग आपला गावना शे. आते पैसा मांगा ते तो काय म्हनी?"

"तो काय म्हनी हाई पाहू, का आपलं म्हातारपन पाहू?" तानुबाईने विचारलं.

मग सविता बोलली. चार महिने घशात अडकलेलं तिने एकदाचं बाहेर काढलं. "आई, एक गोट सांगस. मगनशेठनी कंपनीले पंधरा लाख दिन्हात. सौदा व्हयना तरच ते परत देवाना शेतस."

तानुबाई हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "मंग आपन स्थळ पाहाले गयतूत, का तेस्नी आपलेच इकत लिधं?"

दुसऱ्या दिवशी सविताने मगनशेठकडून केंद्राची तीन वर्षांची वीजबिलं मागवली. आली ती दोन महिन्यांची. बाकीची शोधतोय म्हणाले, ती आजतागायत सापडलेली नाहीत. सविताने आपल्या तोंडाने बाहेर एक शब्द काढला नाही, पण तानुबाईचं तोंड कोण धरणार? गाडीत बरोबर असलेल्या बायकांना तिने एकेक करून चिकाचं सांगितलं. त्या बायकांनी आपापल्या घरी सांगितलं.

तो शुक्रवार उजाडला. दुपारी बाराला धनसिंगभाऊंनी ड्रॉवर उघडला, मला उचललं आणि खिशात टाकलं. कोणी आलं तर शिक्का ऑडिटसाठी जळगावला गेलाय, सोमवारी या, असं सांगायला त्यांनी सविताला बजावलं. सोमवारी मुदत संपलेली असणार होती. मग मला गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकून ते दोंडाईच्याच्या रस्त्याला लागले आणि एका हॉटेलाबाहेर झाडाखाली गाडी लावून आतच बसले. चार तास चहा पीत बसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणजे ऐकत होतो.

तीन वाजता फोन आला, भाऊ फोन स्पीकरवरच घेत. सविता सांगत होती की सव्वीस जण अर्ज घेऊन बसलेत. भाऊ म्हणाले, शिक्काच नाही तर पोच कशी देणार, सोमवारी बोलव. साडेतीनला पुन्हा फोन. आता चाळीस झालेत, आणि आई आलीय, नानांची सही घेऊन आलीय, पोच मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणते. भाऊंनी आवाज चढवला नाही. घरातल्या माणसांनी तरी इज्जत राखायची असते, एवढंच म्हणाले.

खरं सांगतो, त्या कप्प्यात माझा जीव कासावीस झाला. आठ लाख एका म्हाताऱ्याचे, छत्तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडून जमवलेले, आणि ते अडले होते माझ्यावाचून. मला पाय असते तर पळत गेलो असतो.

चार वाजून दहा मिनिटांनी तिसरा फोन आला. "भाऊ, मी हातवरी पोच लिखी देस. तारीख, येळ, मनी सही."

भाऊंनी विचारलं, "कोना हुकूमवरथी?"

"हुकूम नही, भाऊ. अर्ज येल शे, मी लिधा शे. जे घडनं तेच लिखी राहिनू."

"मंग तुनी नोकरी गई समज."

"समजनं, भाऊ," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पाच वाजेपर्यंत तिने एकशे तीन पोचपावत्या हाताने लिहिल्या. पहिली नानांची. विश्वस्त वकिलांकडे वाद गेला तेव्हा त्यांनी नियम वाचून विचारलं, लेखी पोच हवी असं म्हटलंय, शिक्का हवाच असं कुठे म्हटलंय? कुठेच म्हटलेलं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला केवढा समजत होतो, आणि माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. वाईट वाटलं. पण त्याहून जास्त हलकं वाटलं.

निम्म्याहून जास्त लोक बाहेर पडल्यावर मगनशेठना या स्थळात रस उरला नाही. दोन वर्षं संपली आणि खात्यातले पैसे ज्याचे त्याला व्याजासकट परत गेले. नानांचेही आले. नाना अजूनही मधूनच म्हणतात की धनसिंग आता रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करतो, ते बरं वाटत नाही. सविता चार महिने घरी बसली, आता एका दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर आहे. ती घरी असतानाच कंपनीचं दप्तर बंद करायला वकिलांनी तिला बोलावलं, मला तिच्या हाती दिलं आणि सांगितलं, शिक्क्याचं रबर खरवडून टाक. ती मला घेऊन कौतिककडे गेली.

कौतिकने माझी अक्षरं खरवडली. फारसं दुखलं नाही. मूठ चांगली शिसवी आहे, ही या नव्या शिक्क्याला लावतो, असं म्हणून त्याने समोरचं एक ताजं रबर उचललं. उलटी अक्षरं मला इतर कोणाहीपेक्षा लवकर वाचता येतात. नाव वेगळं होतं, गाव जळगाव होतं. गोलाच्या मध्ये काहीच नव्हतं.

सविताने विचारलं, हा कोणाचा? कौतिक म्हणाला, "राकेशभाऊंचा. मध्ये काय टाकू विचारलं, तर राहू द्या मोकळं म्हणाले."

सविताने त्या नव्या कंपनीचं नाव पर्समधल्या कागदावर उतरवून घेतलं आणि मला उचललं. मूठ द्यायची नाही, एवढंच ती म्हणाली.

सध्या मी तानुबाईच्या ओट्यावर असतो. माझ्या मुठीने लसूण फार छान ठेचला जातो, असं तिचं मत आहे. वासाची सवय झाली. पण जळगावचा तो नवा शिक्का आता कामाला लागला असेल, आणि कोणीतरी नाना त्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरत असतील. त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोहोचला तर एवढंच सांगायचं आहे. गोलाच्या मध्ये काय आहे ते विचारा. सतरावं पान वाचा. आणि शिक्का बाहेरगावी गेलाय असं कोणी सांगितलं, तर उठू नका. तिथेच बसून राहा.