दोनदा वाचलेली ओळ

पौषातलं ऊन कर्जतजवळच्या दहिवलीतल्या पडवीत तिरपं उतरायचं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात शेवंता आत्याचं उजव्या हाताचं बोट पुस्तकाच्या पानावरून चालायचं. जन्मभर भाताची लावणी करून, वाल सोलून, राखेनं भांडी घासून खरबरीत झालेलं ते बोट कागदावर सरकताना बारीकसा सुका आवाज करी, आणि अक्षर अडलं की तो आवाज थांबे. मग ओठांची हालचाल, कपाळावरची आठी, डोकं किंचित कलवून त्या अक्षराला नजरेच्या टप्प्यात आणण्याची धडपड. आणि शब्द सापडला की बोट पुन्हा चालू लागे. समोरच्या खाचरांत भात निघून गेल्यावर पेरलेला वाल हिरवागार पसरलेला असे, दूर घाटातून उतरणाऱ्या मालगाडीचं किरकिरणं येत असे, पण मला ऐकू येई ते फक्त ते बोट. पासष्टाव्या वर्षी तिला मी वाचायला शिकवलं, असं आमच्या घरात कौतुकानं सांगतात. ते सुरू झालं की मी उठून बाहेर जातो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेत होते, ठाकुरवाडीच्या घाटात रूळ तपासत चालण्याचं काम करायचे, आणि वाचनाचे मोठे शौकीन. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं आणि एकेक दिवस एकेका घराचा ठरलेला असतो. आपल्या घराच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून वाचायला बसत, आणि आत्या पहिल्या रांगेत पदर सावरून असं ऐके, जणू मजकूर त्यांनीच लिहिला आहे. मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर त्या दिवशी शेजारचे एक गृहस्थ वाचू लागले, आणि वाचन संपलं की कुणीतरी उभं राहून सांगे, आजचं वाचन शेवंताबाईंच्या वतीने झालं. सात वर्षं ती हे ‘वतीने’ ऐकत होती. सात वर्षं तिनं त्यावर कुणाला काही म्हटलं नाही.

मग तिचे डोळे दाखवायला गेलो तेव्हा काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, थेंब घालत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मी पुरता हादरलो. परतताना रिक्षात ती मात्र शांत बसली होती. “बोगद्यात गाडी शिरली की मागचं उजेडाचं भोक बारीक बारीक व्हत जातं ना रं सुगत,” ती म्हणाली, “तसं दिसतंय मला. त्ये बुजायच्या आत आपल्या दिवसाला मी सोता वाचनार. मनाशी धरलंय.”

ध्येयं ठरवण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही. दर जानेवारीत मी नवी वही आणतो, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात पहाटे चालणं, रोज दहा पानं, गोड बंद असं लिहितो, आणि फेब्रुवारीत त्याच वहीत किराण्याची यादी सुरू झालेली असते. आत्याकडे वही नव्हती. तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती तिनं धरली होती, पुरात झाडाची फांदी धरावी तशी. मी दर रविवारी येईन, असं मी तिला तिथेच, रिक्षात, मोठ्या उमाळ्यानं सांगून टाकलं. आणि आश्विनापासून वैशाखापर्यंत खरोखरच गेलो. अक्षरं तिला दोन महिन्यांत आली. जोडाक्षरांनी मात्र छळलं. ‘प्रज्ञा’ या शब्दापाशी ती तीन रविवार अडून बसली होती, आणि चौथ्या रविवारी तो ओलांडला तेव्हा इतकी मोठ्यानं हसली की शेजारीण डोकावून गेली. चैत्रात ती एका बैठकीत अर्धं पान वाचू लागली, स्वतःच्या डोळ्यांनी, कुणाची मदत न घेता. त्या उन्हात तिचा चेहरा मी पाहिला आहे. तो आनंद मी माझ्या कोणत्याही यशात अनुभवलेला नाही.

ज्येष्ठात मला कचेरीत बढती मिळाली. रविवारी झोप अनावर होऊ लागली. मी राहतो त्या शेलूहून कर्जत म्हणजे लोकलनं मधे नेरळ आणि भिवपुरी, अर्धा तासही लागत नाही. पण न जायचं ठरवलं की अर्धा तासही डोंगराएवढा होतो. ती फोन करी, “येतोस ना रं?” आणि मी म्हणे, “बघतो.” फार सोयीचा शब्द आहे आपल्याकडे हा, त्यात होकार नाही, नकार नाही, आणि बोलणाऱ्याला अपराधीही वाटत नाही. जिचं बघणं दिवसागणिक आटत होतं तिला मी तो शब्द महिनाभर ऐकवला. शेवटी माझ्यातल्या हुशार माणसानं तोड काढली. तिच्या दिवसाचं प्रकरण मी घाईघाईत वाचून फोनवर रेकॉर्ड केलं आणि पाठवून दिलं. तोवर हे ऐकत राहा, म्हणालो. वाचताना एके ठिकाणी पान उलटलं आणि शोकाविषयीची एक ओळ माझ्याकडून दोनदा वाचली गेली. पुन्हा रेकॉर्ड करायचा कंटाळा आला. चालतंय, म्हटलं.

भाद्रपदात तिचा दिवस आला. विहारात ट्यूबलाइटचा पांढरा उजेड होता, बाहेर लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या लोंब्या पावसाच्या सरीनं वाकल्या होत्या. मोठ्या टाइपाची नवी प्रत तिच्यापुढे ठेवली होती. पांढऱ्या लुगड्यातली आत्या बसली, पानावर बोट ठेवलं आणि वाचू लागली. स्पष्ट, संथ, कुठेही न अडखळता. माझा ऊर भरून आला. ‘प्रज्ञा’ आला आणि सहज निघून गेला. आणि मग, पानाच्या अगदी मधोमध, जिथे उलटायला काहीच नव्हतं तिथे, शोकाविषयीची ती ओळ तिनं दोनदा म्हटली. रेकॉर्डिंगमध्ये मी मधे घेतला होता तेवढाच श्वास घेऊन. लोकांना वाटलं, महत्त्वाची म्हणून दोनदा वाचली. काहींनी माना डोलावल्या. मी तिच्या बोटाकडे पाहिलं. ते ओळींवरून नव्हे, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवरून चाललं होतं.

वाचन संपलं. “आजचं वाचन शेवंताबाईंनी केलं,” अशी घोषणा झाली, सगळ्यांनी तीनदा ‘साधू’ म्हटलं, बाया तिच्या पाया पडल्या. गर्दी ओसरल्यावर मी तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवू लागलो तेव्हा कळलं, की ती पायरी पायानं चाचपते आहे.

“कधीपासून, आत्या?”

“श्रावनातच पान कोरं दिसाया लागलं रं. मंग तुझा आवाज धरला. तू जसं म्हनलास अगदी तसंच म्हनले. काय म्हनजे काय चुकू दिलं नाय.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“फोनवर काय सांगायचं असलं? म्हनलं, रविवारी येशील तवा सांगू.”

तिनं माझ्या हातावर थोपटलं, चेहरा माझ्याकडे वळवला, पण जरा चुकीच्या दिशेनं, आणि विचारलं, “बरूबर झालं ना पर?” मी हो म्हणालो. त्या एका ‘हो’साठी तिनं दीड महिना अंधारात बसून माझा उतावळा आवाज शंभरदा ऐकला असेल.

आता मी दर रविवारी जातो. एकही चुकवत नाही. माझ्या आयुष्यातला हा एकमेव तडीस गेलेला संकल्प, आणि तो पाळणं आता मुळीच अवघड नाही, याचीच मला लाज वाटते. ती पडवीत बसते, मी वाचतो. तिचं बोट मांडीवर स्वस्थ पडलेलं असतं. माणूस दूर गेलं की त्याची आठवण मागे राहते, असं आपण धरून चालतो. इथे ती समोर बसली आहे, चहा घे म्हणते आहे, हसते आहे, आणि मी तिच्याजवळ बसून आठवत असतो ते ज्येष्ठातले नि आषाढातले साधे, रिकामे रविवार, जेव्हा तिला दिसत होतं आणि मी घरी होतो.