घरात आणखी कुणाला?

छावणी झालेल्या शाळेच्या एका वर्गात चादरी टांगून चार घरं केली होती. फळ्याखालचं घर शिंपीणआत्याचं, तिच्या धाकट्या भावाचं आणि त्याच्या आईवेगळ्या मुलीचं. लढाईत गाव सुटलं तेव्हा आत्यानं शिलाई मशीनचं नुसतं डोकं उचलून आणलं होतं. आता बाकावर ठेवून ती हातानं चाक फिरवायची.

त्या सकाळी मुलीला मागणी घालायला एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. चादरीपलीकडे सतरा वर्षांची पोर गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून, मुटकुळं करून पडली होती. कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून उशीचं टोक दातांत धरलेलं.

"जरा नाजूक आहे," भाऊ चहा ओतत म्हणाला. "लग्न होऊन एक मूल झालं की टुणटुणीत होईल."

"बायकांचं चालायचंच हो. कामाला लागली की विसरेल," बाई हसली.

आत्याला शिसारी आली. चाळीस वर्षांपूर्वी हेच शब्द, असेच गोड, तिच्या ओसरीवर बोलले गेले होते. आई तेव्हा वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची. त्या अंगणाची, त्या चुलीची तिला अजून ओढ होती. पण त्याच घरानं तिला औषध म्हणून नवऱ्याकडे धाडलं आणि वांझ म्हणून परत घेतलं. पुढे पोट उघडावं लागलं. डॉक्टरीण म्हणाली, "गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढून आतडी चिकटलीत. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात." "कुठं बोलू नकोस, घराण्याला नावं ठेवतील," असं भावानं बजावलं. ती बोलली नाही.

तेवढ्यात छावणीची नर्स वही घेऊन आली, चादरीआड डोकावली. "पाळीत असह्य दुखतं असं कुणी? प्रत्येक वर्गात निघताहेत. पळापळीत औषधं बंद पडली, तपासण्या राहिल्या. ही का झोपलीय?"

"सर्दी झालीय," भाऊ म्हणाला.

"पोटावर बाटली ठेवून?" नर्सनं पेन उघडलं. "घरात आणखी कुणाला असा त्रास होता? आई, आत्या, मावशी? रक्ताच्या नात्यात असला तर धोका वाढतो."

"छे! आमचं घराणं अगदी निरोगी."

निरोगी! आत्याला भावाची किळस आली, त्या पाहुणीची आली आणि सगळ्यांत जास्त आली ती स्वतःच्या शिवलेल्या तोंडाची. तिनं चाक थांबवलं.

"मला होता. लिहा."

"ताई, पाहुणे बसलेत!"

"बसू देत की."

पाहुणी चहा अर्धा टाकून उठली. "म्हणजे फसवत होता होय आम्हाला?"

"फसवतच होतो," आत्या म्हणाली. "तुम्हाला नाही, या पोरीला."

पडद्याआडून बारीक आवाज आला, "आत्या, तुलाही दुखायचं? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आत्या उठली. तिनं मधली चादर दोरीवरून खाली ओढली, घडी केली आणि पोरीच्या खांद्यावर टाकली.

"ऊठ बाळा. दवाखान्यात जायचंय. वाटेत सगळं सांगते."