शेवटपर्यंतकाकांची हार्डडिस्क

त्या दुपारी बाबांनी मला ड्रॉवरमधून बाहेर काढले, शर्टाच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाले, "चला बाईसाहेब, काम निघालंय."

शेजारच्या टेबलावरून त्यांच्या मुलीने मान न वळवता विचारले, "कोणाशी बोलताय, बाबा?"

"तुझ्या धाकट्या बहिणीशी."

ती हसली नाही. पूर्वी हसायची.

मित्रांनो, ती धाकटी बहीण म्हणजे मी, एक जुनी हार्डडिस्क. तळहाताएवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा आलेली. माझ्या पोटात एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर लोकांच्या आयुष्यातले प्रसंग साठवता येतात. मी जन्मले तो कारखाना आरशासारखा स्वच्छ होता. तिथली माणसे तोंड झाकून वावरत, कारण धुळीचा एक कणही माझ्या जिवावर उठला असता. इतक्या निगुतीने घडवलेली वस्तू पुढे धुळीतच टाकायची असते, हे मला तिथे कोणी सांगितले नाही.

बाबांनी मला विकत आणले तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही मनात तेच म्हणू लागले. ते व्हिडिओ संकलक होते. लग्न, शाळेचा कार्यक्रम, कारखान्याची माहिती देणारी फिल्म, असे कोणीतरी काढलेले लांबलचक चित्रण त्यांच्याकडे यायचे आणि बाबा त्यातून बघण्याजोगे तेवढे निवडून जोडायचे. फिल्म तयार झाली की ती माझ्यावर उतरवायची. मुलीच्या आईने जुन्या स्वेटरच्या बाहीची एक पिशवी मला शिवली होती. त्या पिशवीतून, शर्टाच्या वरच्या खिशात बसून, मी बाबांबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जायचे. बाबा नुसती फिल्म देऊन परतत नसत. बसून ती दाखवत. कोणी मध्येच उठले की फिल्म थांबवून ठेवत.

"शेवटपर्यंत बघितलंत ना?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यावरून लोक त्यांना शेवटपर्यंतकाकाच म्हणू लागले. एक मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, "काका, तुमच्या घरी जेवायला यायची भीती वाटते. ताट चाटूनपुसून साफ करावं लागेल."

"मग? पानात टाकलेलं रांधणाऱ्याला दिसतंच," बाबा म्हणाले.

त्यांची आणखी एक सवय होती. प्रत्येक फिल्मच्या शेवटी ते थोडे काळे ठेवत. चित्र नाही, आवाज नाही, सावकाश एक-दोन श्वास घेता येतील एवढाच काळा पडदा. मुलीने लहानपणी विचारले होते, हे कशाला? बाबा म्हणाले, "संपलं, हे माणसाला कळायला जरा वेळ लागतो. लगेच दिवा लावू नये."

मुलगी मोठी झाली, हेच काम शिकली आणि बाबांच्या पुढे गेली. हळूहळू बाबांची कामाची खोली तिच्या हाती आली. ती हुशार होती, हे मी कडवटपणे का होईना, पण मान्य करते. तिने संगणकाला शिकवले. 'तयार' नावाच्या फोल्डरमध्ये फिल्म टाकली, की पुढचे सगळे आपोआप व्हायचे. तुकडे जुळून अखंड फिल्म तयार व्हायची, गिऱ्हाइकाला जायची, पोहोचल्याचा निरोप यायचा. मग मागे उरलेले मूळ तुकडेही संगणकच पुसून टाकायचा, जागा अडू नये म्हणून.

गरज सरो, वैद्य मरो. मला उतरलेल्या बॅटऱ्या आणि गुंतलेल्या वायरींच्या शेजारी जागा मिळाली. बाबांना ड्रॉवरमध्ये ठेवता येत नव्हते, म्हणून ते खुर्चीवर राहिले. दुपार झाली की ते सवयीने चपला घालत, दारापर्यंत जात आणि पाणी प्यायला उठल्यासारखे परत येत. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात. आमचे उलटे झाले. ओझे गेले, हेलपाटे गेले आणि आम्ही दोघे त्यानेच खचलो.

एकदा त्यांनी गिऱ्हाइकाला गेलेली एक फिल्म उघडून पाहिली.

"शेवटचं काळं कुठे गेलं गं?"

"ते रिकामं असतं, बाबा. संगणक कापून टाकतो."

"पण मी मुद्दाम ठेवतो ते."

"अहो, काळ्यात काय बघायचंय कोणाला?"

"बरं," बाबा म्हणाले. त्यांचे 'बरं' नेहमी लांबलचक असायचे. त्या दिवशी आखूड होते.

तर आता त्या दुपारकडे येते. बाबांनी पोहण्याच्या क्लबातल्या शर्यतींची फिल्म पूर्ण केली होती. शिकवल्याप्रमाणे ती 'तयार'मध्ये टाकली. पण त्याआधी तिची एक प्रत त्यांनी माझ्यावर उतरवली होती. मग मला पिशवीत घालून त्यांनी मुलीच्या टेबलावर ठेवले.

"हे बघून ठेव."

"काय आहे?"

"पोहण्याची फिल्म."

"ती गेली की, बाबा! पोहोचल्याचा निरोपसुद्धा आला."

"पोहोचली गं. पण तू बघितलीस का?"

"मला आत्ता खरंच वेळ नाहीये."

"मग सवडीनं बघ. मला काय घाई आहे?"

त्यांनी चपला घातल्या. या वेळी मात्र ते दारातून परतले नाहीत, लवकर घरी गेले. मुलीने मला पिशवीसकट ड्रॉवरमध्ये सरकवले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबा झोपेतच गेले.

त्या दिवशी खोली बंद होती. संगणक चालू होता. फोल्डरमध्ये आधीच टाकून ठेवलेल्या फिल्म त्याने आपल्या आपण पाठवल्या. 'अगदी वेळेवर मिळाली, आभार,' असे एका गिऱ्हाइकाचे उत्तरही आले. काम कुठेच अडले नाही, मित्रांनो. यापेक्षा कडू गोष्ट माझ्याजवळ नाही.

मुलगी कामावर परतली. बाबांची खुर्ची तिने भिंतीकडे सरकवली आणि पूर्वीपेक्षा जास्त काम घेऊ लागली. कोणी सांत्वनाला आले की म्हणायची, "झोपेतच गेले, त्रास झाला नाही." हे वाक्यही तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचे.

मग एका दुपारी क्लबातल्या पोहणे शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. मुलीचे हात कामात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. मला ड्रॉवरमध्ये सगळे ऐकू आले.

"काकांचं कळलं. फार वाईट झालं. एक विचारायचं होतं, राग मानू नका. आमच्या फिल्मचं शेवटचं आलंच नाही."

"पूर्ण आलीये. इथे निरोप आहे पोहोचल्याचा."

"पदकं देतात, तिथेच संपते हो ती. काका शर्यतींच्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तलावावर थांबले होते, स्वतः कॅमेरा घेऊन. मला बजावलं होतं, शेवटपर्यंत बघा. मी बघितली. म्हणून तर कळलं ना, शेवट नाहीये ते."

मुलीने संगणकातल्या नोंदी तपासल्या तेव्हा सगळे उलगडले. बाबांनी शेवटचा प्रसंग दिवे मालवल्यावर टिपला होता. संगणकाला तो काळा दिसला आणि त्याने तो कापला. त्यात आवाज आहे का, हे तपासायला मुलीने त्याला शिकवले नव्हते. मूळ तुकडे त्याने केव्हाच पुसले होते. ते मात्र तिनेच शिकवले होते. मग एकाएकी वाकून तिने ड्रॉवर ओढला.

स्वेटरची बाही तिने हातात घेतली. मला बाहेर काढून जुन्या वायरीला जोडले. चकती अडखळली, कट्‌कट् आवाज आला. "नको ना," ती म्हणाली, "असं नको करूस." खरे सांगू? माझ्या मनात आले होते, की नाही फिरायचे. आता कशाला? वरातीमागून घोडे! पण बाबांनी कधी कोणाला अर्धवट माल दिला नव्हता. मी फिरले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असा उपदेश मी आता करावा अशी तुमची अपेक्षा असेल. तो मी करणार नाही. वस्तू मोडतात, मीही मोडेन. नवी यंत्रे आणा, माझी तक्रार नाही. पण घरातले कोणी 'हे बघ' म्हणाले, तर बघा. तेव्हाच्या तेव्हा बघा. पोहोचल्याचा निरोप म्हणजे बघणे नव्हे.

पडद्यावर शर्यती झाल्या, पदके झाली. मुलीचा हात माउसवर होता, पण तिने काही दाबले नाही. मग अंधार झाला. पाणी काठावर लपलपत होते. तलावाच्या रखवालदाराचा आवाज आला.

"दिवे घालवले, काका. आता काय दिसणार?"

"दिसू दे नाहीतर न दिसू दे. ऐका तरी. एवढी पोरं पोहून गेली, पाणी अजून हलतंय."

"घरी वाट बघत नाही का कोणी?"

"बघतात की. काम नाही फारसं. पोरीनं सगळं यंत्राला शिकवलंय. भारी हुशार आहे हो. मी नसलो तरी काही अडायचं नाही तिचं."

"मग थांबलात कशाला?"

"कोणीतरी शेवटपर्यंत बघायला पाहिजे ना."

रखवालदार हसला. बाबाही हसले, थोडे खोकले. पाण्याचा आवाज लहान होत गेला आणि थांबला. त्यानंतर बाबांनी ठेवलेले काळे आले, नेहमीएवढेच.

मुलीने दिवा लावला नाही. फिल्म संपली, माझी चकती मंदावली, तरी ती काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. मग भिंतीकडे सरकवलेल्या त्या खुर्चीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, बघितली मी. शेवटपर्यंत बघितली."