डाउट काउंटर

टोकन १४. "एक भरीव गोळा आणि एक पोकळ कडं एकाच उतारावरून सोडले. आधी खाली कोण पोचेल? का?"

धरणगावजवळच्या एका खेड्यात कापसाच्या ढिगावर जुना फ्लेक्स पांघरलेला आहे. त्यावर मिसरूड न फुटलेल्या एका पोराचा चेहरा, खाली आकडा : ९७.३३ टक्के. वारा सुटला की चेहऱ्यावर दगड ठेवतात.

निंबाच्या फांदीला ओढणीने बांधलेला मोबाईल. पडद्यावरचे सर बोलतात, थांबतात, चौकोन चौकोन होतात, जातात.

काचेला पाडलेलं एक गोल भोक. त्यातून फक्त आवाज यावा, एवढंच.

"दोन तास फक्त."

हे सगळे तुकडे एकाच माणसाचे. कुंदन त्याचं नाव, वय तेवीस, मुक्काम जळगावातल्या एका मोठ्या क्लासच्या तळमजल्यावरची काचेची केबिन. वर पाटी : डाउट काउंटर. वर्गात अडलेली पोरं चिठ्ठीवर शंका लिहायची, टोकन घेऊन रांगेत उभी राहायची, फटीतून चिठ्ठी आत सरकवायची, आणि कुंदन त्या भोकातून समजावून सांगायचा. पोराने पोराला शिकवावं, त्यासारखं शिकवणं नाही, असं क्लासचे मालक लीलाधर सर पालकांच्या सभेत सांगत. खोटं नव्हतं ते. कुंदनने समजावलेली एकोणतीस पोरं आज डॉक्टरकी शिकत होती.

कुंदन मात्र शिकत नव्हता.

पाच वर्षांपूर्वी बारावीत तो क्लासमधून पहिला आला. सरांनी त्याचा फोटो चौकाचौकात लावला आणि म्हणाले, "इथंच राहा, इथंच मेडिकलची तयारी कर. फी नको. रोज दोन तास फक्त काउंटरवर बस. शिकवलं की आपलंच पक्कं होतं." दोनाचे चार तास झाले, चाराचे आठ. दर वर्षी तो परीक्षा द्यायचा आणि दहा-बारा गुणांनी जागा हुकायची. दहा-बारा गुण म्हणजे तीन प्रश्न. ते तीन प्रश्न कोणत्या प्रकरणातले, हे जगात एकट्या कुंदनला ठाऊक होतं. रोटेशन. फिरणाऱ्या वस्तूंचं प्रकरण. लॉकडाउनमध्ये ते मोबाईलवर शिकवून झालं, तेव्हा निंबाच्या झाडावर नेटवर्क पोचलं नव्हतं. सूत्रं त्याने नंतर पाठ केली. सूत्र तसंच का, ते कुणी सांगितलं नाही.

विचारलं नव्हतं असंही नाही. पहिल्याच वर्षी तो फिजिक्सच्या सरांकडे वही घेऊन गेला होता. सर पाठीवर थाप मारून हसले. "काय रे टॉपर, माझी परीक्षा घेतो का?" त्यानंतर त्याने वही मिटली ती मिटलीच. रोटेशनची चिठ्ठी आली की तो उत्तर सांगे, आणि कुणी 'का' म्हटलं तर म्हणे, "उद्या ये." उद्या कुणी येत नसे. पोरं 'का' विसरतात, हा त्याचा पाच वर्षांचा अनुभव.

मुस्कान विसरली नाही.

ती अकरावीतली. वडील लालचंदशेठ, भांड्यांचे व्यापारी. उधारीवाल्याच्या दारात रोज उभं राहायची चिकाटी पोरीत घरातूनच आलेली.

टोकन ९. "भैया, तोच प्रश्न. गोळा आधी, ते कळलं. का?"

"उद्या ये."

टोकन २२. "भैया, उद्या झाला."

"आज गर्दी आहे."

टोकन ३. "आज मी सकाळीच आले. गर्दी नाही."

कुंदनने चिठ्ठी खिशात घातली. खिशात तशा अकरा झाल्या होत्या, सगळ्या तिच्याच. बाराव्या दिवशी ती आलीच नाही, आणि त्याला हायसं वाटलं. संध्याकाळी आईचा फोन आला. यशोदाबाईंचे प्रश्न दोनच असत, एक जेवणाचा, एक यंदाच्या ॲडमिशनचा. "जेवना का?" आणि "औंदा व्हई जाई ना?"

"व्हई," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मग मार्चमध्ये एक गंमत झाली. रांग आटली. दुपारी चार वाजता जिथे तीस पोरं असायची तिथे चारच. बाकीची समोरच्या जिन्यावर घोळका करून बसलेली, आणि मधोमध मुस्कान. तिने परीक्षेचं पॅड तिरकं धरलेलं, हातातलं स्टीलचं कडं काढलेलं, धाकट्या भावाची, अखिलची, काचेची गोटी आणलेली. दोन्ही एकदम सोडली. गोटी आधी पोचली. कडं रेंगाळत आलं आणि साक्रीच्या नवलच्या चपलेवर जाऊन पडलं.

"परत सोड!" नवल ओरडला. "माले पटनं नही."

परत गोटी. पोरं हसली. कुंदनला काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. मुस्कान बोलत होती, बोट हवेत गोल फिरवत होती, आणि एकेका पोराचा चेहरा उघडत होता. तो उघडणारा चेहरा कुंदनने हजार वेळा पाहिला होता. नेहमी समोरच्याचा. भोकाला कान लावला तर पोरं बघतील, म्हणून त्याने खुर्ची थोडी पुढे घेतली. तरी ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी, जिना रिकामा असताना, त्याने डाव्या हाताने एक चिठ्ठी लिहून पायरीवर ठेवली. नाव नाही, टोकन नाही. 'कडं मागे का पडतं?'

चारला मुस्कानने ती उचलली, मोठ्याने वाचली, आणि सरळ काचेकडे पाहिलं. मग जिन्यावरून उतरून केबिनच्या अगदी जवळ आली आणि तोंड पोरांकडे ठेवून गरजेपेक्षा मोठ्याने बोलू लागली. "उतारावरून जेवढा जोर मिळतो ना, त्याचे दोन वाटे होतात. एक पुढे जायला, एक स्वतःभोवती फिरायला. कड्याचं सगळं वजन काठावर, म्हणून त्याला नुसतं फिरायलाच..."

"अरे वा! वा!"

लीलाधर सर जिना उतरत होते. पोरं उभी राहिली. सरांनी गोटी पाहिली, कडं पाहिलं, मुस्कानकडे पाहिलं, आणि शिपायाला हाक मारली. "आत दुसरी खुर्ची टाक." मग तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझी फी नाही, बेटा. कुंदनच्या शेजारी बसायचं. दोन तास फक्त."

खुर्ची आत आली. केबिन एवढीशी, दार आत उघडणारं. खुर्ची टाकल्यावर दार अर्धंच उघडू लागलं.

भोकाजवळ तोंड नेऊन कुंदन म्हणाला, "मुस्कान, बसू नको."

"का?" सर हसत म्हणाले.

"मला रोटेशन येत नाही. पाच वर्षं झाली. येतच नाही."

जिनाभर हशा. "भैया, फेकू नका!" कुणीतरी ओरडलं. नवल म्हणाला, "भाऊ, तुले येत नही ते मंग आम्ही काय करो?" सरही हसले. "बघा. टॉपरची नम्रता बघा."

"खरं सांगतोय मी."

आणखी हशा. त्याच्या लक्षात आलं, हे तो आयुष्यभर सांगत राहिला तरी पोरं हसतच राहतील.

मुस्कान हसली नाही. तिने अर्ध्या दारातून हात घालून ती नवी खुर्ची धरली, ओढली, तिरकी केली, बाहेर काढली, आणि जिन्यासमोर ठेवली. दार आता पुरतं उघडत होतं. "बसा भैया," ती म्हणाली. "टोकन नको."

पाच वर्षांत त्या वेळी तो केबिनबाहेर कधी आला नव्हता. तो आला आणि खुर्चीवर बसला. तिने पॅड तिरकं धरलं, कडं आणि गोटी त्याच्याच हातात दिली. त्याने सोडली. कडं मागे पडलं. "काठावर वजन," ती म्हणाली, "म्हणून जोराचा जास्त वाटा फिरण्यात जातो. पुढे जायला कमी उरतो." तिने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याने तिला थांबवलं आणि उरलेलं वाक्य स्वतः पुरं केलं.

"समजनं का, भाऊ?" नवलने आता हसू न आणता विचारलं.

"समजनं," कुंदन म्हणाला.

सर मोबाईल समोर धरून होते. "असंच राहा. हलू नका. मुस्कान, बोट वर. कुंदन, तू असाच बघ तिच्याकडे." चार फोटो निघाले. आठवड्याभरात नवा फ्लेक्स चौकात चढला : 'आमचे टॉपरही शिकतात!' खाली दोघांचे चेहरे, कुंदनच्या खाली तोच आकडा. केबिनचं दार सुताराने बाहेर उघडणारं करून दिलं, म्हणजे आत दोन खुर्च्या मावल्या. जून महिन्याच्या वेळापत्रकात काउंटरसमोर दोन नावं छापली होती. लालचंदशेठ पेढे घेऊन आले.

यशोदाबाईंनी नवा फ्लेक्स मागवून घेतला. जुना विरला होता.

कुंदन बारावीला होता त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकवीस साली, कोरोनामुळे बारावीची बोर्डाची परीक्षा झालीच नव्हती; फ्लेक्सवरचा आकडा न दिलेल्या पेपरांचा होता.