बिनखिशांची पँट

मित्रांनो, मी एक जुनी पँट आहे. नेपाळच्या सीमेवरच्या जकातनाक्यावर मी अकरा वर्षं नोकरी केली. जन्माला आले तेव्हा मला चांगले दोन खिसे होते. पण लाच बंद करायची म्हणून काठमांडूहून हुकूम सुटला, आणि धनसुर शिंप्याने ते उसवून माझ्या कुशी शिवून टाकल्या. "आता बघू कुठे ठेवतात," तो हसत म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला होता!

मला घालायचे नाक्यावरचे मित्रलाल; सगळे त्यांना दाइ, म्हणजे दादा, म्हणायचे. पहिल्याच दिवशी एक ट्रकवाला हातात नोट धरून उभा. "दाइ, आता ठेवू कुठे?"

दाइंनी समोर बोट दाखवलं. मग म्हणाले, "जा, समोर चहा पी. उरलेले दिदीकडे ठेव."

समोर मानमायादिदीची टपरी होती. तेव्हापासून ट्रकवाल्यांच्या नोटा ती कमरेच्या पटक्यात खोचायची आणि संध्याकाळी दाइंच्या हवाली करायची. "दाइ, मला नका यात ओढू," ती एकदा म्हणाली.

"ओढतंय कोण? टपरी नाक्याच्या जागेत आहे ना तुझी? मग झालं तर."

पुढे तपासणी आली. साहेबांनी माझ्या दोन्ही कुशी चाचपल्या. "याला खिसाच नाही. माणूस साफ आहे." दिदीच्या पटक्यातून मात्र पुडकं निघालं.

"दाइ, सांगा ना यांना," ती म्हणाली.

"चहावाली आहे, साहेब. तिचं तिला ठाऊक."

हे बोलताना दाइंचे गुडघे लटलट कापत होते. मी ढगळ, म्हणून कुणाला दिसलं नाही. मी झाकलं ते, मित्रांनो.

दुपारी टपरी उचलली गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, मोहीम यशस्वी म्हणून. इस्त्रीचा चटका बसावा तसं झालं मला.

दाइ निवृत्त झाले. मी जुन्या कपड्यांत गेले आणि फिरत फिरत एका लॉजवर फरशी पुसायचं फडकं झाले. मला पिळणारे हात मी ओळखले, मानमायादिदीचे. तिनेही माझी शिवलेली कूस चाचपली आणि थांबली. "तू होय," एवढंच म्हणाली, आणि मला पुन्हा बादलीत बुडवलं.

तिची माफी मागायला मला तोंड नाही. म्हणून तुम्हाला सांगते. मोठे होऊन तुम्ही अशी मोहीम काढाल, तेव्हा खुशाल खिसे शिवा. पण आधी समोरच्या टपरीवर बसा, चहा मागवा आणि दिदीला विचारा. त्या दिवशी तिची झडती सगळ्यांनी घेतली. विचारलं कुणीच नाही.