हौसाबाईची हरकत

एखादी गोष्ट पटली नाही की हौसाबाई लग्नाच्या पंगतीतूनसुद्धा उठायची. त्यामुळे डोंबिवलीचे अण्णा सोमण सकाळच्या गाडीने खडवलीला उतरून तिच्या ओटीवर येऊन बसले आणि खिशातून पाकीट काढायला लागले, तेव्हा शेजारणींनी हातातली कामं टाकून कान टवकारले.

सोमणांचं सव्वा एकर भातशेत हौसाबाई अर्धेलीनं कसायची. राबणं तिचं, बी-खत तिचं, पीक निम्मं-निम्मं. नवरा धोंडीबा गेल्यापासून नऊ वर्षं ती एकटीच हे ओढत होती. या ऑक्टोबरात कापून पसरलेल्या भातावर सलग चार दिवस पाऊस कोसळला आणि लोंब्यांना कोंब फुटले. तलाठी स्वप्ना मॅडम पंचनाम्याला आल्या, तेव्हा चिखलातून त्यांचा हात धरून नेलं ते हौसाबाईनं. पण सातबारा सोमणांचा, म्हणून सरकारी मदत जमा झाली अण्णांच्या खात्यात.

"सगळे चार हजार दोनशे पन्नास आहेत," अण्णा म्हणाले. "मी त्यातला रुपया ठेवलेला नाही. नुकसान तुझं झालं, पैसे तुझे."

आता हा माणूस लबाड असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मना असं हातातून नको, अण्णा," हौसाबाई म्हणाली. "कागदावर लिवा, भात हौसाबाईचा गेला. मंग घेते."

अण्णांचा चेहरा पडला. कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की तो कूळ होतो आणि उद्या जमिनीवर हक्क सांगतो, ही धास्ती वडिलांनी त्यांच्या मनात घातली होती.

"अगं, पैसे मिळाल्याशी मतलब ना? नाव कशाला हवंय?"

"आज तुमी हाव म्हणून देताव. उद्या तुमचा पोरगा अनिमेष देल काय?"

अण्णा उठले. पाकीट परत खिशात गेलं. चपला घालताना ते हळूच म्हणाले, "नाव चढवायला निघालीस, तर पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

हौसाबाई घाबरली, खोटं कशाला सांगा? ते शेत गेलं तर तिच्या पदरात सहा कोंबड्या आणि परसातली वांगी एवढंच उरणार होतं. पण मॅडमनी तिच्या डोळ्यांदेखत तिचं कुजलेलं पीक लिहून घेतलं आणि त्या कागदात ती कुठेच नव्हती, हे आठवलं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत गेली. मदतीची यादी कुठे लावलीय, म्हणून विचारलं. यादी ऑनलाइन आहे, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं.

"आनलाइन मना दिसत नाय. सभेत मोठ्यानं वाचा."

तीन दिवस ती तिथल्या बाकावर जाऊन बसली, डबा घेऊन. चौथ्या दिवशी कंटाळून पंचायतवाल्यांनी ग्रामसभेच्या विषयांत यादीचं वाचन घातलं.

सभेला अण्णाही आले, पहिल्या रांगेत बसले. स्वप्ना मॅडम एकेक नाव वाचत गेल्या. सतरावं नाव अण्णांचं आलं, "सोमण रामचंद्र विनायक."

"हरकत हाय." हौसाबाई उभी राहिली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "त्या शेतात भात माझा होता. मीच दावला तुमाला."

मॅडमनी वाचन थांबवलं. "मावशी, मला आठवतंय. पण मालकांनी कबूल केलं तरच मला हरकतीत तसं लिहिता येईल."

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. अख्ख्या गावासमोर खोटं बोलणं काही त्यांना जमेना.

"भात तिचाच होता," ते म्हणाले. "लिहा." मग हौसाबाईकडे न बघता त्यांनी जोडलं, "शेताचं मात्र मी सांगितलंय तेच."

सभेत कुजबुज झाली. हौसाबाई पदर खोचून टेबलाशी गेली.

"शेताचं मंग बघू," ती मॅडमना म्हणाली. "आता सही कुठं करू ते दाखवा."